गाणं थांबलं की

सुधाकरराव : बसा तर खरं, देवकाबाई. खुर्ची आहे ना ही.

देवकाबाई : खालीच बरी हाये, मालक. खुर्चीत बसाचं तोंड नाही माहं.

सुधाकरराव : आता तर बायांच्या तक्रार कमिटीच्या अध्यक्षीणबाई तुम्ही! भुईवर बसल्या तर आमच्या जिनिंगची काय इज्जत राहील? चहा सांगतो.

देवकाबाई : चहा नको जी. फिर्याद घेऊन आली. पंचफुलाची. थे जैनथ गावची, औंदा कापूस निवडाले नवी लागली थे.

सुधाकरराव : कोणावर फिर्याद?

देवकाबाई : तुमाले मालूम हाये.

सुधाकरराव : मला कोणी काही सांगितलं नाही.

देवकाबाई : मंग आयका. माह्या खुशालवर. तुमच्या मुकादमावर. परवा त्यानं सरकी काढेल रुईच्या कोठ्यात तिचा हात धरला. ती हात सोडवून आमी कापूस निवडतो त्या मांडवात पळून आली, तर मागून येऊन साऱ्या बायांपुढं तिच्या थोबाडीत देल्ली.

सुधाकरराव : हळू, हळू! खिडकी उघडी आहे.

देवकाबाई : राहू द्या उघडी.

सुधाकरराव : अहो, उद्या आदिलाबादहून लेबर खात्याचे साहेब मुआयन्याला, तपासणीला येऊन राहिले. कोर्टाचा हुकूम म्हणून कमिटी केली, तेलुगूत अन् मराठीत बोर्ड रंगवला. अन् पहिली फिर्याद अध्यक्षीणबाईच्या पोरावर? आई आहात तुम्ही. घरी नेऊन कान उपटा त्याचा.

देवकाबाई : मले अध्यक्ष काऊन केलं, मालक?

सुधाकरराव : साऱ्यांत वडील तुम्ही. बाया मानतात.

देवकाबाई : खरं सांगा.

सुधाकरराव : ... मुकादमाची माय असली, तर तक्रार तिच्याच पदरात विरून जाईल, असं वाटलं. झालं? बोलायलाही लाज वाटते.

देवकाबाई : वाटू द्या. मले दोन दिसांपासून वाटून राह्यली. जोडीला कोनी भेटलं तर बरंच हाये.

सुधाकरराव : तुम्हाला काऊन वाटावी? हात त्याचा उठला.

देवकाबाई : त्याचा हात उठला अन् माहं गानं चढलं.

सुधाकरराव : म्हणजे?

देवकाबाई : थापड बसली, सारा मांडव चूप झाला. अन् मीच गानं उचललं, जोरानं. बायाईनं मागून धरलं. तुमच्या खिडकीत आलं असन.

सुधाकरराव : आलं. समोर नागपूरचा व्यापारी बसला होता. त्याला म्हटलं, पाहा, आमच्या बाया किती खुशीत काम करतात.

देवकाबाई : खुशाल मुकादम झाला तवा मीच जोडलं होतं थे.

*पांढऱ्या कापसात काडी निवडते बाई,*
*लेक माहा मुकादम, त्याच्या सावलीला ऊन नाही.*

पोरगी गाल धरून उभी, अन् मी हे म्हनून राह्यली!

सुधाकरराव : पण काऊन?

देवकाबाई : सवय जी. खुशालचा बाप हात उचले, तवा मी जातं जोरानं ओढत होती, गानं चढवत होती. शेजाऱ्याले कळू नये म्हनून. खुशाल मांडीवर निजेल राहे. त्यानं गानंही आयकलं अन् मारही आयकला. त्याले वाटलं असन, दोन्ही संगंसंगंच असते.

सुधाकरराव : देवकाबाई, डोळे पुसा.

देवकाबाई : पुसते. आज सकाळी मी बायांले सांगतलं, मुकादमाचा हात उठला, जीभ सुटली, की गानं बंद. साऱ्याईनं चूप राहाचं. थे चूप तुमाले खिडकीतून आयकू येईल. आलं की तुमी धावून याचं.

सुधाकरराव : साहेबांना हा कायदा सांगू? हसतील ते.

देवकाबाई : साहेब गेल्यावरच कामाचा हाये थो.

सुधाकरराव : अन् खुशालला काढलं तर? ऐन सीझन आहे. तुमची चूलही त्याच्यावरच चालते.

देवकाबाई : चालते. म्हनून तर घास उतरत नाही. त्याले समोर बसवा, पंचफुलाले बोलवा. अध्यक्ष कमिटीतल्या द्वारकाबाईले करा, मी माय म्हनून कोपऱ्यात बसन. पन कमिटी बसवा.

सुधाकरराव : उद्याचा मुआयना होऊ द्या. परवा नक्की. तोवर बाया गाऊनच राहिल्या ना? ऐका, किती गोड...

(खिडकीबाहेरचं गाणं मधेच तुटतं.)

सुधाकरराव : ... चहाला उठल्या असतील.

देवकाबाई : चहाची घंटी कुठं झाली, मालक? खुशाल कुठं हाये?

सुधाकरराव : मघाशी मीच पाठवला त्याला मांडवात. उद्यासाठी झाडझूड करून घे म्हटलं.

देवकाबाई : उठा.

सुधाकरराव : तुम्ही पुढं व्हा. तुमचं ऐकेल तो.

देवकाबाई : नाही जी. पुढं तुमी व्हा. अन् मले हात द्या. माय हाये मी... एकटीनं उठवत नाही.