सोळा लाल रेघा

पुरवणी जबाब. नाव पहिल्या जबाबात आहे तेच, कामावर मला भिंगरी म्हणतात. वय २३ वर्षे. धंदा समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या देखभालीवर मदतनीस, सात महिने. त्याआधी ट्रकवर, सर्कशीच्या जनरेटरवर आणि आणखी बऱ्याच ठिकाणी होतो, सगळं लिहिलं तर पान पुरणार नाही. शिक्षण नववी, तीही अर्धी. राहणार थोरल्या बहिणीकडे, बंदरामागची कामगार वसाहत, दुसरा मजला.

मी आज आपणहून ठाण्यात हजर होऊन लिहून देतो की, मागच्या वेळी मी फार भराभर बोललो, म्हणून हवालदार साहेबांनी या खेपेला कागद पुढे ठेवला आणि "तूच लिही, इकडेतिकडे भटकू नकोस" म्हणाले. पहिल्या जबाबात मी एक गोष्ट खोटी सांगितली आहे. ती दुरुस्त करायला आलो आहे.

आमच्या टोळीचे मेस्त्री म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. प्रत्येक पवनचक्कीच्या बुंध्याला, पाण्यापासून तीन मजले वर, लोखंडी प्लॅटफॉर्म असतो. बोटीतून सामान वर घ्यायला त्यावर छोटी क्रेन असते. क्रेनचा पाया सोळा बोल्टांनी आवळलेला असतो. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळून झाला की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत लाल रंगाची एक सरळ रेघ मारतात. पुढे थरथरीने नट फिरला तर रेघ तुटते. अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर, मध्ये फट. तुटकी रेघ दिसली की क्रेन बंद ठेवायची आणि बोल्ट तपासायचा. हे दाजींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या वेळी समोरून गुरांनी भरलेलं एक जहाज चाललं होतं, मी ते बघत होतो. "हो" मात्र म्हणालो.

अपघाताच्या तीन आठवडे आधी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, आम्ही अकरा नंबरच्या पवनचक्कीवर गेलो. ऑफिसातून आधीच्या तपासणीचे फोटो परत आले होते, रेघा पुसट दिसतात असा शेरा होता. दाजी आत बुंध्यात केबलच्या कामाला उतरले आणि मला म्हणाले, "क्रेनचे सोळाही बोल्ट पान्याने ताणून बघ, मग रेघा नव्या मार. आधी पाना, मग रंग."

तो पाना तेलाच्या दाबावर चालतो, त्याचा पंप बोटीत होता. तो वर घ्यायचा म्हणजे पुन्हा शिडी उतरायची, दोर लावायचा. मी पंप आणला नाही. थिनरच्या फडक्याने मीठ आणि पक्ष्यांची घाण पुसली, त्याबरोबर जुन्या रेघाही पुसल्या. त्यातल्या तीन तुटलेल्या होत्या, बोटभर सरकलेल्या. मी त्या पाहिल्या. मला वाटलं, आधीच्या माणसाचा हात वाकडा. मग मी सोळा नव्या रेघा मारल्या. पट्टी लावून मारल्या.

दाजी वर आले, वाकून एकेक रेघ पाहिली. म्हणाले, "वहीला असा समास पाडला असतास तर दहावी झाला असतास." मग विचारलं, "ताणून बघितलेस?" मी "हो, झालं" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तपासणीच्या तक्त्यावर सही केली. घरी नळ बंद केला तरी परत जाऊन बघणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी परत पाहिलं नाही. मी बायकोचा भाऊ होतो.

चालू महिन्याच्या १४ तारखेला सकाळी १०.४० वाजता त्याच क्रेनने बोटीतून हत्यारांची पेटी वर घेत होतो. पेटी क्रेनच्या मापातली होती, जादा वजन नव्हतं. क्रेनवर दाजी, मी कठड्याशी. खाली बोटीत दोर सांभाळायला एक जण होता, त्याला सगळे गवई म्हणायचे, कारण दोर ओढताना तो गायचा. त्या दिवशीही गात होता. टण असा आवाज दोनदा झाला. क्रेन पायासकट उखडून दाजींना कठड्यावर दाबत खाली गेली. गाणं थांबलं. गवई बोटीतच वारला.

परतीच्या बोटीत दाजी शुद्धीवर होते. छाती दाबली गेल्यामुळे तुटक बोलत होते. म्हणाले, "बोल्ट तू बघितले नव्हतेस ना?" मी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "विचारलं तर रेघा मी मारल्या म्हणून सांग. सही माझीच आहे." नंतर म्हणाले, "ताईला हेच सांग." त्यानंतर ते बोललेले नाहीत. पाच दिवस मशीनवर आहेत.

पहिल्या जबाबात मी तेच सांगितलं. आता कंपनीने लिहून दिलं आहे की मेस्त्रीने तपासणी न करता खोटी नोंद केली, आणि गवईच्या मृत्यूचा गुन्हा दाजींवर दाखल होतो आहे. ते शुद्धीवर आले तर खाटेशी पोलीस असतील. नाही आले तर कागदावर नाव तसंच राहील. रेघा त्यांनी मारल्या नाहीत. मी मारल्या.

पुरावा म्हणून माझा मोबाईल जमा करत आहे. त्या सकाळी पुसायला घेण्याआधी क्रेनच्या पायावर एक पक्षी बसला होता, त्याच्या पायात पितळी कडी होती. कुठून आला असेल म्हणून मी फोटो काढला. पक्ष्याच्या मागे तीन तुटलेल्या रेघा स्पष्ट दिसतात. फोटोवर तारीख आणि वेळ आहे. पक्षी थोडा हलला आहे.

बहीण माझ्याबरोबर आली आहे, बाहेर बाकावर आहे. फक्त सही राहिली होती असं मी तिला सांगितलं आहे. सकाळी निघताना ती म्हणाली, "घाबरू नकोस रे. जे झालं ते सांग. त्यांचं काम कधी कच्चं नव्हतं, एवढंच सांग." तेवढं मी वर लिहिलं आहे.

वाचून दाखवण्याआधी मी हवालदार साहेबांना विनंती केली की दार उघडं ठेवा आणि मोठ्याने वाचा. त्यांनी तसं केलं. जबाब बाकापर्यंत ऐकू गेला. तो मी लिहिल्याप्रमाणे बरोबर आहे.