जर्मनीत शिकलेलं

वैजापूरच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या. वर्षानं परतलेली नर्स अपेक्षा आणि तिला न्यायला आलेली तिची मावशी.

"तिथं काय शिकलीस गं?"

"मरणाऱ्या माणसापाशी बसायला. डोळे मिटले तरी त्यांना ऐकू येतं, मावशी. म्हणून आम्ही हात धरून बोलत राहायचो."

"त्यांच्या भाषेत?"

"व्हय. त्यांच्या लेकरांची नावं घ्यायचे मी."

"तुझी आई गेली, तवा तिच्या कानाला फोन मीच धरला होता. काय बोललीस तिला?"

"काहीच नाय. नुसती रडत होते. तिनं तेवढंच ऐकलं असंल."

"ओठ हलले होते तिचे."

"काय म्हणाली?"

"मला नाय कळलं, बाळा."