फादर अजून वाटेतच होते

याश शहरातल्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळांच्या खोलीबाहेर डोम्निका अजून बाप्तिस्मा न झालेल्या नातीच्या काळजीनं बसली होती. शेजारच्या बाकावर दोन विहिणींची जुंपली होती. ऐकायचं नाही म्हटलं, तरी कान कुठे ठेवणार?

"बाटलीतल्या पाण्यानं बाप्तिस्मा? विहीणबाई, तुम्ही स्वतःला समजता कोण? बिशप?"

"नातवाचे ओठ निळे पडले होते, अगलायाबाई. बाप्तिस्म्याविना जाऊ द्यायचं होतं त्याला? बिशप कुठून आणू?"

"फादर येतच होते ना!"

"हो, बर्फात गाडी अडकवून."

"पण तुम्हाला अधिकार कोणी दिला?"

"मी ख्रिस्ताची आहे, तेवढा पुरे. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं पाणी घातलं."

"घातलं म्हणे! झाडाला घालतात तसं. थांबा, फादरनाच विचारते... हॅलो फादर, ऐका ह्यांचे प्रताप... काय? झाला? पुन्हा करायचाच नाही?... कोणीही? म्हणजे बाप्तिस्मा झालेलं कोणीही?... बरं. ठेवते."

"काय म्हणाले?"

"काही नाही. पाणी गारढोण असेल."

"बाटली काखेत धरून कोमट केली होती."

"सकाळपासून त्यांना फोन लावून लावून माझं बोट दुखलं, आणि आता म्हणतात, कोणीही चालतं!"

"मग तेच म्हणतेय मी! मी तर मागून आले. पोराजवळ तुम्हीच होतात ना? तुमचा बाप्तिस्मा झालाय की नाही?"

डोम्निकानं पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि कोटाच्या आत, काखेत घट्ट धरली.