घराला एक जोडी, जास्त नाय

माजं नाव आंबी. मुरबाड तालुक्यातली ही डोंगराखालची वाडी, हेच माजं माहेर आनि हेच सासर, तीन घरं सोडून दिली मला, म्हंजे जल्म इथला आनि मरन पन इथलंच. तुमी लिवायला आला ताई, लिवा, पन फोटो नको. फोटो काढनाऱ्यांचा मला राग हाय. का ते सांगते.

माज्या बापसाचं नाव गोमा. वाडीखाली ते तळं दिसतं ना, दिवाळी झाली का तिथे पाखरं उतरतात, अडई उतरते, अडई म्हंजे रानबदक, शीळ घालत उडतं ते, आनि पानकोंबड्या तर बारा म्हयने. तवा आमी पाखरं धरायचो. खोटं कशाला बोलू, धरायचो, फासे लावून धरायचो आनि खायाचो, पौषात म्हसा गावची जत्रा भरते, तोवर तेवढंच काय ते मटन. पन धरायची रीत होती आनि रीत माज्या बापसाच्या हातात होती. एकट्याने जायाचं नाय. घरटी एक मानूस, सगळे मिळून एका सकाळी पान्यात उतरायचे, फासे सगळ्यांचे, पाखरू सगळ्यांचं, तुज्या फाशात आलं म्हनून तुजं नाय. वर आलं का बापूस वाटे करायचा, घराला एक जोडी, घरात दोन मानसं असूदेत नायतर बारा. जखमी पाखरू गवतात घुसलं तर ते हुडकून आनायचं, ते पन मोजायचं. पयला वाटा रांडमुंड बाईच्या घरी जायाचा. आनि जोड्या पुऱ्या झाल्या का फासे उचलायचे, मंग तळं भरून पाखरं बसलेली असूदेत.

माज्या चुलत्याने एकदा चोरून पाच धरली. मी तवा नऊ-दहा वर्सांची असेन. बापसाला समजलं, त्याने जाऊन चुलीवरचं भांडं उचलून आनलं, शिजलेलं, तसंच गरम, आनि वाडीच्या मधोमध ठेवून पोरांना वाटून टाकलं. आनि चुलत्याला बोलला, या हिवाळ्याला तुज्या घराचा वाटा नाय. माजी आय रडली, बोलली सख्खा भाऊस हाय तुमचा. बापूस बोलला, म्हनून तर. एवढंच. काय सांगू तुमाला, पुरा हिवाळा चुलता आमच्या दारावरनं मान खाली घालून जायाचा, पन परत एकटा गेला नाय कोनी.

मंग जंगलखात्याचा मानूस आला, त्याने सगळ्यांना बसवून सांगितलं, पाखरू धरायला बंदी हाय, धरलं तर जेल. वाडी चिडली. बापूस पन चिडला, खोटं नाय सांगत, बोलला आमी जोडी धरतो ती तुमाला दिसली काय. पन तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे फासे गोळा करून जाळले. बोलला बंदी तर बंदी, पन सगळ्यांना. सगळ्यांना, हे तो दोनदा बोलला. त्यानंतर मरेपर्यंत त्याने बदक तोंडात घातलं नाय. आमी पन नाय.

आता माज्या भावाचं सांगते, वाळकूचं. माज्यापेक्षा सात वर्सांनी लहान, कडेवर घेऊन वाढवलेला मी. तळ्याच्या पलीकडची जमीन मुंबईच्या एका शेटने घेतली, फार्महाऊस बांधलं, वाळकू तिथे वॉचमन लागला. बरं झालं बोलले मी, पयल्यांदा मी पन बरंच बोलले. घरी पत्रा आला, भावजयीला दारात नळ आला. मंग हिवाळ्यात शनवारी गाड्या यायला लागल्या, पाच-सहा जन, डोक्याला टोप्या, हातात त्या छऱ्याच्या बंदुका. आनि माजा भाऊ पुढे. गुडघाभर पान्यात उतरून तो लव्हाळ्यात काठी मारायचा, पाखरं उठायची आनि हे काठावरनं मारायचे. कोनी किती मारायची त्याला धरबंद नाय. ज्याची जास्त तो मोठा. मेलेली हातात धरून फोटो काढायचे, दात काढून, जसं काय वाघ मारला.

आयतवारी सकाळी मी गवताला गेले तर लव्हाळ्यात पाखरं. एक मेलेलं, दोन मेलेली, एक पंख मोडून गोल गोल फिरनारं. त्यांनी उचललीच नव्हती ताई, तिथेच टाकून गेले. मी गवत कापायचं सोडलं आनि हुडकत गेले, बापसाने शिकवलेलं ना, जखमी सोडायचं नाय. अकरा निघाली. फिरनारं होतं ते माज्या हातातच मेलं. अकराच्या अकरा टोपलीत भरली आनि सरळ वाळकूच्या अंगनात नेऊन ओतली.

तो चा पीत होता. मी बोलले, मोज. तो बोलला, सकाळी सकाळी काय लावलंस गो. मी बोलले, मोज, आनि सांग किती घरांची जोडी झाली ही. तो बोलला, बापसाचा टाइम गेला आता, शेटलोक हायेत, त्यांचा गेम असतो तो. मी बोलले, खातात तरी का रे? तर काय बोलला म्हायतीय? बोलला, खातात कुठे, त्यांना मी कोंबडी शिजवून देतो.

माज्या हातात विळा होता, मीच घाबरले मला. टोपली उचलली, पाखरं परत भरली आनि माज्या परसात फनसाखाली पुरली. वाळकूच्या दारात मी परत पाय ठेवला नाय.

म्हयना नाय झाला तोवर कोनीतरी तक्रार केली, कोनी ते मला आजून म्हायत नाय, मी नव्हते केली. जंगलखात्याची गाडी आली. शेट बोलला, आमी कशाला मारू, हे वाडीवाले मारतात, यांचा पिढीजात धंदा हाय. आनि माजा भाऊ बाजूला उभा. गाडीतल्या बाईने, वनरक्षक बाई होती, तरनी होती, तिने त्याला विचारलं, खरं काय? तर हा बोलला, हो, आमचा बापूस फासे लावायचा, आनि माजी बहीन आजून पाखरं नेते, टोपली भरून नेताना सगळ्या वाडीने बघितलीय.

सगळ्या वाडीने बघितली होती. ते खरंच होतं. त्याच्याच अंगनातनं नेली होती ना!

माजं घर उघडून बघितलं, भाताची कनगी हलवली, चूल बघितली. मला गाडीत घालून त्यांच्या हापिसात नेलं, दिवसभर बाकड्यावर बसवलं. पानी पन मागितलं नाय मी, राग एवढा होता. केसच्या कागदाचं नाय वाटलं काय, जेलचं पन नाय. त्याने बापसाचं नाव घेतलं, फासे जाळनाऱ्याचं, ते मला गिळता येईना. संध्याकाळी ती बाई समोर येऊन बसली, बोलली मावशी, तुमी काय तरी बोला. मी बोलले, बोलते, पन आधी एक सांग, फाशात आडकलेल्या पाखराला छर्रा लागतो काय? ती बोलली नाय. मी बोलले, मंग चल माज्या घरी, कुदळ घेऊन चल.

दुसऱ्या दिवशी फनसाखाली उकरलं. वास असा का सगळ्यांनी नाकाला पदर लावला, मी नाय लावला. पाखरं नेली डॉक्टरकडे, त्यांच्यात छर्रे निघाले. मंग त्या बाईने विचारलं, भावाच्या विरोधात लिवून द्याल? परत बोलली, विचार करून सांगा. माजा नवरा पन बोलला, शेटचं नाव घे, वाळकूचं वगळ. मी बोलले, काठी कोनाच्या हातात होती? आनि अंगठा दिला.

आता केस चालू हाय. शेट जामिनावर सुटला, इकडे फिरकत नाय, फाटकाला कुलूप. वाळकूवर पन केस हाय, नोकरी गेली, त्याच्यासंगट तिथे झाडलोट करनाऱ्या दोघींची पन गेली. त्या मला बघून थुंकतात. वाडीत माज्याशी कोनी बोलत नाय, हळदीकुंकवाला नाय, वाळकूच्या पोरीचं लगीन झालं तर मांडव माज्या दारातनं दिसत होता आनि मला अक्षता नाय. त्या पोरीची न्हानपनी टाळू भरलीय मी. वाडीवाले बोलतात, पाखरासाठी भाऊ विकला. मी बोलते, त्याने आधी बापूस विकला.

एकदा आला होता वाळकू. दारातच उभा रायला, बोलला, कोर्टात सांग का समजायला चूक झाली, बाई मानूस, घाबरली, सोडतील मला. मी बोलले, मी घाबरले कवा ते सांग. तो बोलला, मी लहान हाय गो तुजा. मी बोलले, लहान होतास तवा तुला पन वाट्याची जोडीच मिळायची, तवा पुरायची. गेला. जाताना शिवी दिली, दिली तर दिली.

तुमी विचाराल, वाईट वाटतं का. वाटतं ना. दगड नाय मी. पन त्याचं भलं होवो असं तोंडातनं निघत नाय, ओढून आनलं तरी निघत नाय.

तारखेला मुरबाडला जायाचं असतं. वाडीतनं सकाळी एकच जीप सुटते. वाळकू पुढे बसतो डायवरजवळ, मी मागे. मधे बसलेली मानसं त्याच्याशी बोलतात, मी बाहेर बघते. मागच्या तारखेला कोर्टाजवळ उतरत होते, गुडघे धरतात माजे, तो खाली उभा होता, त्याने हात पुढे केला. सवयीने केला असेल. मी नाय धरला. दांडी धरून उतरले, सावकाश, एकेक पाय. तो हात तसाच ठेवून उभा होता, मंग खिशात घातला.

पुढची तारीख पडलीय. त्याच जीपने जायाचं, दुसरी गाडी नाय.