आई हयात नाहीत, लगेच आकडा पाठवा

—नाही हो दादा, आधी बसा, पाणी घ्या, मावशी, म्हणजे तुमच्या आई, ठणठणीत आहेत, शप्पथ! घरीच आहेत, आत्ता थोड्या वेळापूर्वी माझ्याशी भांडून गेल्या इथनं. चूक माझी. माझं लिहिणं तसलंच, शाळा लवकर सुटली, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, साधे शब्द तेवढे येतात — तेही पुरते नाहीत असं दिसतंय. माफ करा. दाखवा बरं तो मेसेज. 'आई हयात नाहीत बँकेत लगेच आकडा पाठवा.' बघा — म्हणजे मला म्हणायचं होतं, आई हयात नाहीत असं बँकेत दाखवतंय. घाईत 'असं' राहिलं, 'दाखवतंय' राहिलं, आणि तुम्ही असे रात्रभर प्रवास करून... तुमचे फोन मी घरी गेल्यावर पाहिले. मोबाईलवाल्याचाच मोबाईल मेला होता, हसू नका — नाही, हसा, बरं वाटेल. परत लावला तर तुम्हाला रेंज नाही.

झालं काय, काल हयातीच्या दाखल्याचा शेवटचा दिवस. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं ना, ते आता मोबाईलवर. नाही कळवलं तर पेन्शन बंद, आणि मावशींची औषधं, किराणा, वीजबिल, सगळं त्याच्यावरच. मावशी आल्या इथं दुकानात. आधी अंगठा. मशीन अंगठा घेईना. घेणार कसा? इस्पितळाच्या धुलाईघरात उभा जन्म चादरी घासल्या, रेषा राहिल्यात कुठं? मग चेहरा. मी माझा मोबाईल समोर धरला, मावशींनी केस सारखे केले, आणि पडद्यावर मराठीत आलं — 'कृपया डोळा मारा.' आता त्यांना पापण्या मिटा म्हणायचं असेल, पण मला काय माहीत! ज्यानं मराठी केलं तोही माझ्याच वर्गातला असणार. मी आपलं वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "कुणाला?" म्हटलं, "मोबाईलला." "मेल्या, तुझ्या काकांना कधी मारला नाही, ते बिचारे तसेच गेले, आणि आता तुझ्या डबड्याला मारू?" म्हटलं, मावशी, सोपं आहे, असा — आणि मला तर कुणाकडं वर बघायचीसुद्धा लाज वाटते दादा, तुमच्याशी एवढं बोलतोय हेच नवल — पण दाखवला मारून. नेमकी समोरची शिवणवाली दारात उभी. ती जी आत गेली ती अजून बाहेर नाही. असो, ते वेगळं. शेवटी मावशींना आली शिंक, दोन्ही डोळे गपकन मिटले, आणि झालं की काम! हिरवी खूण!

आम्ही दोघं खूश. तर ते म्हणतं, नोंदवलेल्या नंबरवर ओटीपीचा आकडा पाठवलाय, तो टाका. नंबर कुणाचा? तुमचा. खातं उघडताना तुम्हीच दिला होता ना, आईला यातलं काय कळतंय म्हणून — नाही, बरोबरच होतं तुमचं. लावला फोन. मावशी म्हणाल्या, "कामात असेल." परत लावला. "मीटिंग असेल." परत लावला. "गाडी चालवत असेल, नको लावूस रे, धडकेल कुठंतरी." तोवर आकडा शिळा झाला, आणि परत चेहरा दाखवायचा तर शिंक कुठून आणायची? लाल अक्षरं आली — लाभार्थी हयात असल्याचे आढळले नाही. मावशींनी वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. आणि परत चष्मा पुसायला लागल्या. मी घाबरलो, म्हणून तुम्हाला मेसेज टाकला.

मग स्कूटरवर मागं बसवलं आणि बँक गाठली. खिडकीतली मुलगी म्हणते, आता सगळं मोबाईलवरच, मशीन नाही म्हणतंय त्याला मी काय करू? मावशी सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये. खुर्ची ओढून बसल्या. "साहेब, मी दिसते का तुम्हाला?" तो म्हणाला, "दिसता की." "माझं ऐकू येतंय?" "चांगलंच येतंय." — आणि मारला की हो मावशींनी डोळा! मॅनेजरला! तो माणूस कानापर्यंत लाल झाला, मग असा हसत सुटला की बाहेरची रांग आत डोकावली. कपाटातून एक कागद काढला, सही, शिक्का, संपलं. कागदावर चालतच होतं दादा. फक्त कुणी सांगत नव्हतं.

त्यांचा स्वतःचा फोन? तो इथंच विसरला होता ना, दुरुस्तीला आणलेला. नाही, त्याला काही झालेलं नाही. दर रविवारी संध्याकाळी आणतात. "वाजत नाही रे, बघ जरा बिघडलाय का." मी उघडतो, फुंकर मारतो, फडक्यानं पुसतो, माझ्या फोनवरनं लावून दाखवतो — वाजतो की, मावशी! "मग दिवसभर का नाही वाजला?" मी म्हणतो, रेंज गेली असेल. पैसे नाही घेत, कशाचे घेणार, बिघाड त्याच्यात थोडाच... हे मी बोलायला नको होतं. जाऊ द्या. अजून पाणी देऊ?

तर आज सकाळी दुकान उघडायच्या आधी मावशींना घेऊन परत बँकेत गेलो. तुमचा नंबर काढून त्यांचाच घातला — रागावू नका. त्या म्हणत होत्या, तुझाच घाल, तू उचलतोस तरी. मी नाही म्हटलं. परक्याचा नंबर घालू नये, माझासुद्धा. मग पहिला आकडा आला आणि मावशींनी तो स्वतः वाचला. मोठ्यानं! अख्ख्या रांगेला ऐकवला! मी ओरडलो, मावशी, हा कुणाला सांगायचा नसतो! त्यावरनंच तर भांडण. म्हणाल्या, "एवढ्या दिवसांनी माझ्या नावानं काही आलंय, सांगू नको होय?"

निघालात? पिशवी घ्या तुमची. आणि दादा — मेसेजचं त्यांना काही ठाऊक नाही, मी माझ्याकडचा पुसलाय, तुम्हीही पुसा. सहज आलो म्हणा.

हं, ताई, बोला. पाण्यात पडला का?