ऑर्विलचा शेवटचा डबा

केंटकीत, आमच्या न्हाव्याच्या दुकानात, ऑर्विल आणि डेल्बर्ट हे दोघे म्हातारे माझ्या शेजारी नंबराची वाट बघत बसले होते.

"तंबाखूचा तो डबा फोडलास का रे, ऑर्विल?"

"कंपनीने पाइपात भरायच्या या बर्ली तंबाखूच्या चकत्या बंद करून अकरा वर्षं झाली, डेल्बर्ट. शेवटचा डबा चांगल्या दिवशीच फोडायचा."

"पोरीच्या लग्नात का नाही फोडलास?"

"जावई तेवढ्या लायकीचा नव्हता."

"नातू झाला तेव्हा?"

"तो जावयावर गेला."

"मग बोटांना वास कसला येतोय?"

"सकाळी फोडला. तंबाखू पार वाळलाय. ओल धरायला आत सफरचंदाची फोड ठेवलीय, दोन दिवसांत मऊ होईल."

"आज असं काय विशेष?"

"काल तू हॉस्पिटलातून चालत घरी आलास ना, गाढवा! परवा पाइप घेऊन ये."