पुलावरचं जेवण

माझं माहेर सिल्लोडकडचं, ताई. लगीन होऊन इथं शहरात आले, मालक हमालीला आन् मी चार घरची धुणीभांडी, बस, त्यातच जिंदगी गेली. खाम नदीच्या काठाला आमची खोली. नदी कसली, तवा नालाच म्हनायचे समदे. एकच लेक, शोभा. तिला दिली ती बी पल्याडच्या काठाला, म्हनलं नजरंसमोर राहील. राहिली की, नजरंसमोरच राहिली! दोरीवर कपडे वाळू घालताना दिसायची, पर जायचं म्हनलं तर मोठ्या रस्त्यानं लांबचा वळसा, आन् हे माझे गुडघे.

आन् गेले तरी काय, काय सांगू तुम्हाला. लेकीला लेकरू होईपर्यंत मायनं तिच्या घरचं खायचं नसतं, आमच्यात हाय तसं. शोभाला लेकरूच झालं नाय. लई दवाखाने केले, लई देव, लई दर्गे. मी जायचे, बसायचे, घोटभर पानी बी न पिता उठायचे. शोभा म्हनायची माय, चहा तरी घे, मी म्हनायचे नको बाई, माझ्यापायी तुला काही नडायला नको. ती गॅसकडं तोंड करून रडायची. मला कळायचं, पर जीव भ्यायचा.

मग नदी साफ केली, दोन्हीकडं बाग केली आन् मधी हा पूल, नुसता माणसांनी चालायचा. भलं होवो बाबा करणाऱ्याचं. शोभा तिकडून आली, मी इकडून, मधोमध गाठ पडली. तिच्या हातात डबा. म्हनली माय, हे काय माझं घर हाय का? मी इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, म्हनलं नाय बाई, घर तर नाय. मग तिथंच बसलो. ज्वारीची भाकर आन् मेथी. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा लेकीच्या हातचा घास खाल्ला. वॉचमन आला, म्हनला अम्मा, पुल पे नहीं बैठने का. शोभानं त्याच्याच हातावर भाकर ठेवली. खाल्ली की त्यानं, वर ठेचा मागितला.

आता शोभाचे केस पिकायला लागले. परवा म्हनली माय, आता काय नडायचं राहिलंय, घरीच येऊन जेव. मी म्हनलं नको, घरी जेवले म्हंजी मीच तुझ्या लेकराची आस सोडली असं व्हईल. तिनं पुलावरच डबा उघडला आन् मला वाढलं. लई केलं देवानं, ताई. तुमची लेकरंबाळं सुखी राहोत.